मयताची नोंद व वारसाचे कागद कसे शोधावे

शेतकऱ्याच्या घरचा कर्ता पुरुष निवर्तला म्हणजे दहावा, तेरावा व वर्षश्राद्ध हीं कृत्यें यथासांग होतात. परंतु चावडींतील दप्तरांत तो गृहस्थ कित्येक वर्षें जिवंतच असतो. सातबाऱ्यावर आजोबांचें नांव आणि जमीन कसणारे नातू तिघे, असा प्रकार पुणें जिल्ह्यांतील कोणत्याही तालुक्यांत पहावयास मिळेल. जोंपर्यंत घरांत एकोपा आहे तोंपर्यंत यांत कोणास वावगें दिसत नाहीं. पुढें कर्ज काढावयाचें निघालें, रस्त्यासाठीं जमीन सरकारांत जाऊं लागली, किंवा बहिणीनें आपला वांटा मागितला, म्हणजे धांवपळ सुरू होते. आणि पहिला प्रश्न येतो तो हा कीं, आजोबा नक्की केव्हां वारले व त्याचा कागद कोठें आहे?

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली व त्यांतील बरींच वर्षें दप्तराच्या खोलींत घालविलीं. तेथें येणारे शेतकरी बहुधा दोन प्रकारचे असत. कांहीं जण 'आमच्या आज्याचा कागद काढून द्या' एवढेंच म्हणत व वर्ष, तारीख, गट नंबर यांपैकीं कांहींच सांगूं शकत नसत. दुसरे कोणा मध्यस्थास पैसे देऊन आलेले असत व कागद मिळाला तरी त्याचा अर्थ त्यांस कळत नसे. या दोघांसही उपयोगीं पडावें म्हणून हा लेख लिहिला आहे.

मृत्यूच्या तारखेस एवढें महत्त्व कां, हें प्रथम सांगितलें पाहिजे. मनुष्य ज्या दिवशीं मरतो त्याच दिवशीं वारसा उघडतो, आणि त्या दिवशीं जो कायदा अमलांत असेल त्याप्रमाणें वारस ठरतात. हिंदु वारसा कायदा १७ जून १९५६ रोजीं अमलांत आला. त्यापूर्वीं एकत्र कुटुंबांतील मनुष्य मुलगा न ठेवतां वारला तर त्याचा हिस्सा सामान्यतः मागें राहिलेल्या भावांकडे जाई. १९३७ च्या कायद्यानें विधवेस मिळालेला हक्क हयातीपुरता मर्यादित होता व मुलीच्या हातीं कांहींच येत नसे. १९५६ च्या त्या तारखेनंतर मात्र बापाच्या हिश्श्यांत विधवा, आई, मुलगा व मुलगी या सर्वांस बरोबरीनें वांटा आला. पुढें २००५ च्या दुरुस्तीनें, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ पासून, मुलगी जन्मानेंच मुलाप्रमाणें एकत्र मिळकतींत हिस्सेदार झाली. आणि त्या दिवशीं बाप हयात असण्याची जरुरी नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर होऊन गेलेल्या वांटण्या व विक्र्या यांस मात्र त्यामुळें धक्का लागत नाहीं. तेव्हां एका महिन्याच्या फरकानें एखादी बाई वारस ठरते किंवा ठरत नाहीं, असें प्रत्यक्ष घडतें. मुसलमान व ख्रिस्ती कुटुंबांस त्यांचे त्यांचे कायदे लागूं आहेत हें येथेंच सांगून ठेवतों.

आतां शोधाची रीत. आमचा सल्ला असा कीं, मयताच्या रजिस्टरापासून आरंभ करूं नये, तर सातबाऱ्यापासून मागें मागें जावें. सातबाऱ्यावर नांवाशेजारीं जो आंकडा वर्तुळांत घातलेला असतो तो फेरफाराचा नंबर होय. ज्या नांवास कंस केला असेल तें नांव कमी झालें असें समजावें. संगणकावरील उताऱ्याच्या खालच्या भागांत जुन्या फेरफारांचे नंबर एकत्र दिलेले असतात. हे सर्व नंबर कागदावर उतरून घ्यावे व त्या प्रत्येकाची नक्कल मागावी. फेरफार म्हणजे गांव नमुना नंबर ६. हक्कनोंदणीचा पहिला कायदा १९०३ सालीं झाला व १९१३ सालीं तो जमीन महसूल कायद्यांत समाविष्ट करण्यांत आला. म्हणून फेरफारांची मालिका सामान्यतः त्या सुमारापासून सांपडूं लागते. जुन्या लोकांच्या तोंडीं यासच ड पत्रक असें नांव आहे. वारसाच्या फेरफारांत बहुधा असा मजकूर असतो: अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, त्यास वारस मुलगे अमुक, मुली अमुक, बायको अमुक, वर्दी देणार अमुक. या एका ओळींत तारीख, वारसांचीं नांवें व वर्दी देणाऱ्याचें नांव असे तीन धागे हातीं येतात. तारीख बरोबर असेलच असें नाहीं, कारण वर्दी देणारा ती आठवणीनें सांगत असे. पण वर्ष कळलें तरी अर्धें काम झालें.

यांत एक अडचण हमखास येते. एकत्रीकरणाच्या योजनेंत, म्हणजे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखालीं, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या गटाचा जुना सर्व्हे नंबर कोणता हें ठाऊक नसेल तर शोध तेथेंच थांबतो. त्यासाठीं तालुक्याच्या भूमि अभिलेख कचेरींत एकत्रीकरणाचा ९(३) व ९(४) चा उतारा मागावा. त्यांत जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घातलेला असतो. दुसरी गोष्ट, महसुली वर्ष १ ऑगस्टपासून सुरू होतें. पिकाच्या कागदावर सन १९३५-३६ असें असेल तर तें ऑगस्ट १९३५ ते जुलै १९३६ असें वाचावें, नाहींतर हिशेबांत वर्षाची चूक पडते.

फेरफार वाचतांना ए. कु. मॅ. या तीन अक्षरांकडे डोळ्यांत तेल घालून पहावें. एकत्र कुटुंब मॅनेजर असा त्याचा अर्थ आहे. वडील भावाचें नांव मॅनेजर म्हणून लागलें, धाकट्यांचीं नांवें लागलीं नाहींत किंवा इतर हक्कांत पडून राहिलीं, पुढें वडील भाऊ वारला व त्याच्या मुलांनीं आपल्यापुरती वारसाची वर्दी दिली, झालें! धाकट्यांची शाखा कागदावरून नाहींशी झाली. यांत दर वेळीं लबाडीच असते असें नाहीं. कित्येकदां वर्दी देणाऱ्यास ए. कु. मॅ. म्हणजे काय हेंच ठाऊक नसतें व लिहिणाऱ्यास मागचा फेरफार उलटून पाहण्यास सवड नसते. त्याचप्रमाणें अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल लहान असतां चुलत्याचें किंवा आईचें नांव पालनकर्ता म्हणून लागतें, मूल सज्ञान होतें, आणि शेरा तसाच राहतो. असे शेरे दिसले कीं त्यांच्या मागचे फेरफार अवश्य काढावे.

फेरफारावरून वर्ष निघालें म्हणजे मग मयताच्या नोंदीकडे वळावें. येथें दोन कालखंड वेगळे धरले पाहिजेत. सध्यांचा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. त्यापुढील नोंदी खेड्यांत ग्रामपंचायतीकडे व शहरांत नगरपालिका किंवा महानगरपालिका यांजकडे असतात. त्यापूर्वीं, इंग्रजी अमलांत, गांवकामगार पाटील व कुळकर्णी जन्म-मृत्यूची नोंद ठेवीत. तें रजिस्टर म्हणजे गांव नमुना नंबर १४. लोक यास कोतवाल बुक असेंही म्हणतात. हीं पुस्तकें आज बहुतेक तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षांत सांपडतात. येथें एक गंमत आहे ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हल्लीं गांव नमुना १४ हा नंबर गांवच्या पाणीपुरवठ्याच्या नोंदवहीस आहे. नव्या मनुष्यास 'चौदा नंबर काढा' असें नुसतें सांगितलें तर तो विहिरी व नळ यांची वही पुढें आणून ठेवील. म्हणून अर्जांत 'जन्म-मृत्यू नोंदीचें जुनें रजिस्टर, गांव नमुना १४' असें पुरतें लिहावें.

नोंद कोठें असेल याचा एकच नियम आहे: मनुष्य जेथें मेला तेथें. राहणारा कोठला, शेत कोठें, याचा त्याशीं संबंध नाहीं. मुळशी किंवा वेल्हें येथील शेतकरी आजारी पडून ससून रुग्णालयांत आणला व तेथेंच वारला, तर त्याची नोंद पुणें शहरांत होते, गांवीं होत नाहीं. पुणें व खडकी येथील छावण्यांच्या हद्दींत मृत्यू झाला असेल तर छावणी मंडळाचें दप्तर आणखी निराळें. पुण्याभोंवतालच्या गांवांचा घोंटाळा याहून मोठा आहे. १९९७ सालीं बरींच गांवें महानगरपालिकेंत गेलीं, २०१७ सालीं ११ व २०२१ सालीं २३ गेलीं. आणि २०२४ सालीं फुरसुंगी व उरुळी देवाची हीं दोन गांवें पुन्हां बाहेर पडून त्यांची नगरपरिषद झाली. अशा गांवांतील मनुष्याची नोंद शोधतांना मृत्यूच्या वर्षीं तें गांव कोणाच्या हद्दींत होतें हें आधीं ठरवावें, आणि मग त्या ग्रामपंचायतीचें दप्तर पुढें कोणाच्या ताब्यांत दिलें हें विचारावें. भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं विलीन झालें. त्यापूर्वींचे तेथील कागद संस्थानी पद्धतीचे असतात, तेव्हां ते ब्रिटिश जिल्ह्यांतील नमुन्यांप्रमाणेंच असतील अशी अपेक्षा ठेवूं नये.

हा नियम न पाळल्यानें काय होतें याची एक हकीकत आम्हीं जवळून पाहिली आहे. हवेली तालुक्यांतील एका गांवीं तिघे भाऊ होते. थोरला ए. कु. मॅ.; मधला केवळ एक मुलगी मागें ठेवून वारला. गांव शहराजवळचें असल्यामुळें पुढें जमिनीस सोन्याचा भाव आला. मधल्याची मुलगी तेव्हां पन्नाशी उलटून गेलेली, सासरीं पुरंदर तालुक्यांत. तिनें हिस्सा मागितला तेव्हां चुलत भावांनीं उत्तर दिलें कीं, तुझे वडील १९५५ सालीं वारले, तेव्हां जुन्या कायद्याप्रमाणें त्यांचा हिस्सा आमच्या वडिलांकडे आला. बाईनें गांवच्या रजिस्टराचा शोध घेतला. १९५५ मध्यें नोंद नाहीं, १९५६ मध्यें नाहीं, १९५७ मध्येंही नाहीं. नोंद आढळून येत नाहीं असा दाखला तिच्या हातांत पडला, आणि वकिलानेंही मान हालविली.

ती आमच्याकडे आली ती दुसऱ्याच एका नकलेसाठीं. बोलतां बोलतां तिनें सांगितलें कीं, वडिलांचें श्राद्ध कार्तिक शुद्धांत असतें, आणि आई म्हणत असे कीं, ज्या दसऱ्यास गांवांतील कांहीं मंडळी दीक्षेसाठीं नागपुरास गेली होती त्याच्या पुढच्या महिन्यांत हें झालें. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजींची. म्हणजे १९५५ साल नव्हे! मग नोंद गांवीं कां नाहीं? आम्हीं विचारलें, 'बाई, वडील घरींच वारले काय?' ती म्हणाली, 'नाहीं अण्णा, पोटाच्या दुखण्यानें पुण्यास नेले होते, ते माघारी आलेच नाहींत.' शहराच्या रजिस्टरांत नोव्हेंबर १९५६ मध्यें नोंद निघाली. आडनांवाऐवजीं तेथें गांवाचें नांव लागलें होतें, परंतु बापाचें नांव, वय व गांव जुळलें. दावा पुष्कळ दिवस चालला व अखेर तडजोडींत मिटला. तोंपर्यंत ती बाई राहिली नव्हती. हिस्सा तिच्या मुलांनीं घेतला.

यावरून शोधणाऱ्यानें ध्यानांत धरण्यासारखें पुष्कळ आहे. आपल्याकडे मयताचा सन कोणास आठवत नाहीं, पण तिथि सर्वांस ठाऊक असते, कारण ती पक्षांत व वर्षश्राद्धास दर साल लागते. तिथि व महिना कळला म्हणजे निरनिराळ्या सालांच्या पंचांगांवरून तारखा काढतां येतात; सन ठरविण्यास गांवांतील मोठी घडामोड धरावी. १८९७ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएंझा, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, १९७२ चा दुष्काळ, या खुणा म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यांत अजून येतात. प्लेग व इन्फ्लुएंझा यांच्या सालांत पानेंच्या पानें भरलेलीं असतात, तेथें घाई करूं नये. रजिस्टर नांवांच्या क्रमानें नसतें, तर वर्दीच्या क्रमानें असतें. म्हणून मृत्यूच्या महिन्यापुढील एक-दोन महिनेही पहावे. बाळकृष्ण हा बाळू म्हणून, विठाबाई ही इठी म्हणून लिहिलेली आढळते. बायकांची नोंद नवऱ्याच्या नांवावर पहावी, व लग्न होऊन गेलेली मुलगी माहेरीं वारली असेल तर दोन्ही नांवांवर पहावी.

१९६९ च्या कायद्याप्रमाणें कोणासही ठरलेली फी भरून निबंधकाकडून शोध करवून उतारा घेतां येतो. मृत्यूचा दाखला नमुना ६ वर मिळतो. त्यांत मृत्यूचें कारण लिहीत नाहींत. कायद्यानेंच तें उघड करण्यास मनाई आहे, तेव्हां कारकुनाशीं त्यावरून भांडूं नये. शोधून नोंद न सांपडल्यास नमुना १० वर अनुपलब्धतेचा दाखला मागावा. हा कागद निरुपयोगी समजून लोक फेंकून देतात, वास्तविक पुढील सर्व कारवाईचा पाया तोच आहे. नोंद मुळांतच झाली नसेल तर ती उशीरां करतां येते. मृत्यूपासून २१ दिवसांत वर्दी दिली तर कांहीं प्रश्न नाहीं. ३० दिवसांपर्यंत विलंबाची फी, वर्षापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्षाच्या पलीकडे हुकूम लागतो. हा हुकूम पूर्वीं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून आणावा लागे. कायद्यांत २०२३ सालीं दुरुस्ती होऊन ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलांत आली. तेव्हांपासून जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठीं नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी चौकशी करून हुकूम देतो. स्मशानांतील पावती, इस्पितळाचा कागद, शाळेंतील किंवा सोसायटींतील जुनी नोंद, असा कांहीं तरी लेखी आधार बरोबर असावा. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भिस्त ठेवूं नये. घरांतून निघून गेलेल्या मनुष्याचा सात वर्षें ठावठिकाणा लागला नाहीं तर तो मृत झाला असें कायदा अनुमान करतो, परंतु तें कोर्टाकडून ठरवून घ्यावें लागतें. तलाठ्यास तो अधिकार नाहीं.

मृत्यूचा दाखला हातीं आल्यावर वारसाची नोंद. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४९ प्रमाणें वारसानें तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास वर्दी द्यावी. तलाठ्याचें नांव आतां ग्राम महसूल अधिकारी झालें आहे, पण लोक तलाठीच म्हणतात व आम्हींही म्हणतों. तलाठी प्रथम गांव नमुना ६ क या वारसांच्या रजिस्टरांत नोंद घेतो, चौकशी करतो, नंतर फेरफार धरतो. नोटीस लागते, हरकतीस १५ दिवस मिळतात, व मंडळ अधिकारी नोंद मंजूर किंवा नामंजूर करतो. तक्रार आल्यास ती ६ अ या विवादग्रस्त रजिस्टरांत जाते. मंजुरीविरुद्ध ६० दिवसांत प्रांताकडे अपील आहे. ई-हक्क या प्रणालींतून घरबसल्याही अर्ज करतां येतो. गेल्या साली, म्हणजे १ एप्रिल ते १० मे २०२५ या काळांत, शासनानें 'जिवंत सातबारा' ही मोहीम चालविली व गांवोगांव चावडी वाचन करून मयत खातेदारांच्या याद्या केल्या. त्या वेळीं ज्यांच्या नोंदी झाल्या त्यांनीं आपला फेरफार एकदां वाचून पहावा, विशेषतः बहिणींचीं व मयत भावाच्या मुलांचीं नांवें आलीं आहेत काय हें पहावें.

६ क चा उतारा हा एरवीं दुर्लक्षित कागद आहे. परंतु शेतकरी अपघातानें मरण पावल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेंतून जे २ लाख रुपये कुटुंबास मिळतात त्या अर्जास सातबारा व मृत्यूच्या दाखल्याबरोबर ६ क प्रमाणें झालेली वारसाची नोंद मागतात, आणि अर्जाची मुदत ३० दिवसांची आहे. दुःखाच्या दिवसांत कोणास कागद सुचत नाहीं हें खरें. म्हणून घरांतील एखाद्या जांवयानें किंवा भाच्यानें हें काम अंगावर घ्यावें.

फेरफार म्हणजे मालकी नव्हे हें मात्र विसरूं नये. तो सारावसुलीचा कागद आहे. उलट सिद्ध होईपर्यंत तो खरा मानतात इतकेंच. वारस कोण याबद्दल खरोखरीच वाद असेल तर दिवाणी कोर्टांतून १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखालीं वारस दाखला घ्यावा लागतो. तें रेग्युलेशन जुन्या मुंबई इलाख्यांत अजून चालू आहे. बँकेंतील ठेवी, रोखे, येणें यांसाठीं १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालील दाखला निराळा आहे. सोसायटींत किंवा कारखान्यांत शेअरास जें नामनिर्देशन केलेलें असतें त्यामुळें तो मनुष्य रक्कम घेण्यास पात्र होतो, वारस होत नाहीं. या एका गैरसमजुतीनें किती घरें फुटलीं असतील!

मृत्युपत्राचा शोध दुय्यम निबंधकाच्या कचेरींत करावा. तेथें स्थावराचे दस्त पुस्तक १ मध्यें व मृत्युपत्रें पुस्तक ३ मध्यें असतात. पुस्तक १ व त्याची सूची कोणासही पहावयास मिळते. पुस्तक ३ चें तसें नाहीं: करणारा हयात आहे तोंपर्यंत नक्कल त्याजवांचून कोणास मिळत नाहीं, तो वारल्यावर मृत्यूचा दाखला दाखवून कोणीही मागावी, शोध मात्र अधिकारी स्वतः घेतो. मृत्युपत्र नोंदलेंच पाहिजे असा कायदा नाहीं. नोंद सांपडली नाहीं म्हणजे मृत्युपत्र नव्हतें असें अनुमान काढूं नये. कोणी तें लखोट्यांत बंद करून जिल्हा निबंधकाकडे ठेवलेलें असूं शकतें, तेथेंही चौकशी करावी. खरेदी, वांटणी, बक्षीस, हक्कसोड यांच्या दस्तांचा शोध नोंदणी खात्याच्या संगणकावर २००२ पासून पुढें घरीं बसून होतो. त्यापूर्वींचा शोध कचेरींतील सूचींतूनच. हक्कसोड पत्रांकडे विशेष लक्ष द्यावें. भाऊबिजेच्या ओवाळणीप्रमाणें बहिणींकडून सही घेतलेलीं पत्रें आम्हीं पाहिलीं आहेत, आणि बिननोंदणीच्या कागदावरील असली सोड कायद्यांत टिकत नाहीं.

पुणें शहरांतील घर किंवा जागा असेल तर सातबारा नसून नगर भूमापन कचेरींतील मिळकत पत्रिका असते, व वारसाची नोंदही तेथेंच करावयाची. पालिकेच्या करआकारणींत नांव बदललें म्हणजे मिळकत पत्रिकेवर बदललें असें नव्हे. दोन्हीं स्वतंत्र आहेत. नदीकांठच्या पेठांतील पुष्कळ घरांचे खासगी कागद १९६१ च्या पुरांत गेले, अशा कुटुंबांस या कचेरींतील नकला हाच काय तो आधार.

शेवटीं फार जुन्या कागदांविषयीं. महसुली दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षांचा, ड एक वर्षाचा. फेरफार रजिस्टर कायमचें असल्यानें तें नष्ट केलें असें कोणी सांगितल्यास तसें लेखी मागावें. लेखी म्हटलें कीं रजिस्टर बहुधा सांपडतें. न सांपडल्यास २००५ च्या माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. इनाम व वतनाच्या जमिनींचा मूळ वारसा, वंशावळी व इनाम कमिशनचे कागद पुणें येथील पुराभिलेखागारांत, म्हणजे पेशवे दफ्तरांत, पहावे. घराण्याची वंशावळ जुळविण्यास त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या, आणि कोल्हापूर, सांगली, बेळगांव या बाजूस हेळव्यांच्या वह्या, यांचा फार उपयोग होतो. कोर्टांत त्यांस किती वजन मिळेल हें पुराव्यावर अवलंबून आहे, पण पणजोबाचें नांव त्यांतून कळलें तर सरकारी रजिस्टर कोणतें उघडावें तें समजतें.

जुने नमुने पुष्कळसे मोडींत आहेत. २०२३ सालीं न्यायमूर्ति शिंदे समितीसाठीं कुणबी नोंदी शोधण्यास गांवोगांवचीं जन्म-मृत्यूचीं रजिस्टरें उघडलीं गेलीं, तेव्हां मोडी वाचणाऱ्यांची वाण पडली होती. पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळांत मोडीचे वर्ग भरतात. ज्या घरांत शिकणारा मुलगा-मुलगी आहे त्यांनीं एकास तेथें पाठवावें. तोंपर्यंत मोडी वाचून घेतांना मूळ पानाची प्रमाणित नक्कल, तिचें अक्षरशः बालबोधांतील लिप्यंतर व वाचणाऱ्याची सही, हीं तिन्हीं एकत्र ठेवावीं. 'मयत' व 'जन्म' यांचे रकाने शेजारीं शेजारीं असतात, तेव्हां रकान्याचें डोकें नकलेंत आलें आहे काय तें खिडकीवरच पाहून घ्यावें. घरीं आल्यावर पुन्हां अर्ज, पुन्हां तिकीट, आणि पुन्हां तालुक्याचा फेरा.